पूनमच्या लग्नाचा उन्हाळा

शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी एकच चौकशी असते, सुट्टीत कुठे जाऊन आलात? यंदा कुणी केरळला गेलं होतं, कुणी कोकणात. मी सांगितलं, "सासुरवाडीला. अख्खी सुट्टी." त्यावर चहा पिणारे सगळेच हसले. आमच्या परभणीकडे जावई सासरी दोन दिवसांहून जास्त राहिला की त्याचं काहीतरी बिनसलंय असं धरतात. मग मी त्यांना मुळशीची हकीकत सांगायला लागलो आणि तास संपल्याची घंटा झाली तरी ती संपली नाही. तीच इथे नीट लिहून काढतो आहे.

माले

माझी बायको अश्विनी मुळशी तालुक्यातल्या माले गावची. तिच्या धाकट्या बहिणीचं, पूनमचं, लग्न मे महिन्याच्या अखेरीस ठरलं होतं. घरात मुलगा नाही, दोघी बहिणीच. त्यामुळे "मोठे जावई लवकर या" असा निरोप फेब्रुवारीपासूनच येत होता. परीक्षा आटोपल्या आणि आम्ही दोघं, चार वर्षांची रेवा आणि तीन बॅगा असे निघालो. पुण्यापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. उकाडा होता आणि रेवाला दोनदा उलटी झाली, एवढंच.

पौडच्या स्टँडवर इक्बालभाई टेम्पो घेऊन उभे होते. त्यांचं घर पौडलाच, भावाचं बाजारात किराण्याचं दुकान. माझ्या सासऱ्यांचं भात गिरणीला न्यायचं असो की घरचं कार्य, टेम्पो इक्बालभाईंचाच.

"मास्तर, तुमी फुडं बसा. ताई, पोरीला खिडकीकडं घ्या. तिला डोंगर बघू द्या."

रेवाने डोंगर असा जवळून पाहिलाच नव्हता. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट, मे महिन्यात भेगाळलेली. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर, वाळक्या गवताने पिवळे पडलेले, मधे मधे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजलेले काळे तुकडे. आणि सावली! भर दुपारी रस्त्यावर आंब्या-जांभळांची सावली पडलेली. मी अश्विनीला म्हणालो, "तू हे सोडून आमच्याकडे आलीस?" ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी तुम्ही गावाचा फोटो दाखवला होता कुठं?"

सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामांची थोडी भातशेती, दोन गाई, घरामागे रायवळ आंब्याची चार झाडं. घरात आधीच माणसं जमली होती. चुलत सासरे, त्यांच्या सुना, मुलंबाळं, आणि या सगळ्यांच्या वर हौसाआत्या. हौसाआत्या म्हणजे मामांची मोठी बहीण. तिचा आवाज आधी येतो, मग ती येते. मला पाहताच म्हणाली, "आलं का मास्तर! वाळल्यात की. तिकडं भाकरी मिळती का न्हाई?"

खरं तर भाकरी इथेच मिळत नव्हती. दोन्ही वेळा भात. आंबेमोहराचा, वास घरभर. पहिले चार दिवस मी खूश होतो. पाचव्या दिवशी ज्वारीची भाकरी आठवून जीव कासावीस झाला. मामींच्या ते कसं लक्षात आलं कोण जाणे, संध्याकाळी ताटात तांदळाची भाकरी आली. पांढरीशुभ्र, मऊ, पण ज्वारीची सर नाही. मी "छान आहे" म्हणालो आणि मग पुढचा महिना रोज तीच खाल्ली.

गावच्या जत्रेला पालखी निघाली, घरोघरी मटण शिजलं. आमच्याकडचा रस्सा दाट, तेलाचा तवंग आलेला. इथला पातळ, पण डोळ्यांतून पाणी काढणारा. चुलत सासरे वाटी भरून प्यायले आणि मला आग्रह करत राहिले. मीही प्यायलो. रात्रभर मग मी अंगणात येरझारा घातल्या, त्याचं वर्णन नको.

एका रविवारी सगळी पोरं टेम्पोत भरून आम्ही धरणाच्या पाण्यावर गेलो. उन्हाळ्यात पाणी खूप आत सरकतं आणि काठाला तडकलेला गाळ उघडा पडतो. वरून तो कोरडा दिसतो. मी ऐटीत चालत पुढे गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत. एक पाय निघाला, चप्पल आतच राहिली. इक्बालभाईंनी मला काखेत धरून ओढलं. पोरं इतकी हसली की करवंदं खाऊन जांभळ्या झालेल्या त्यांच्या जिभा मला मोजता आल्या असत्या. रेवा काठावरून ओरडत होती, "पप्पा, हितं या की! तितं लई चिखल हाय!"

मी अश्विनीकडे बघितलं. पंधरवड्यात पोरगी मुळशीची झाली होती.

निरोप

पूनमबद्दल आता सांगायला हवं. ती उरवड्याच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथे गाड्यांचे रबरी भाग बनतात, ते तपासून पुढे पाठवायचं काम. पहाटे उठून, मामींना पाणी भरू लागून ती स्कुटीवरून जायची, संध्याकाळी यायची. याच उन्हाळ्यात तिला लाईन लीडर केलं होतं, पाच मुली तिच्या हाताखाली. ते सांगताना तिने आवाज मुद्दाम साधा ठेवला होता, पण रात्री जेवताना दोनदा सांगितलं.

मुलगा मारुंजीचा, नितीन. त्यांची शेती होती; आयटीवाले आले तशी जागा इमारतींखाली गेली, आणि आता तीन मजले खोल्या भाड्याने दिलेल्या. नितीन हिंजवडीला एका कंपनीच्या गाड्यांचं नियोजन बघतो. शांत मुलगा. साखरपुड्यात पूनमशी काय बोलावं ते न सुचून त्याने तिला तिच्या स्कुटीचं मायलेज विचारलं होतं.

लग्नाला आठवडा उरला. रविवार होता, पूनम घरीच. मांडवाचे बांबू आले होते, चुलत सासवा पापड वाळत घालत होत्या. तेव्हा सोयरीक जमवणारे गृहस्थ आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नितीनच्या आईचा निरोप हाय. पोरीनं लग्नाआधीच कंपनी सोडावी. लग्नानंतर कामाचं नाव नको."

मामी मामांकडे बघायला लागल्या. मामा जमिनीकडे. पूनम स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठाचे.

"साखरपुड्यात ह्ये कुणी बोललं न्हवतं," ती म्हणाली.

"आता बोलतायत."

"मग मला लग्न नको."

ते ती ओरडून म्हणाली नाही, म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं. गृहस्थ चहा न घेता गेले. पापड उन्हात तसेच राहिले. हौसाआत्या, जी कधी गप्प बसत नाही, तीसुद्धा पायरीवर बसून पदराने वारा घेत राहिली.

संध्याकाळी मामांनी मला गोठ्यात बोलावलं. गाईच्या पाठीवरून ते हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाव्हनं, तुमी मारुंजीला जावा. मी गेलो तर पोरीचा बाप गेला असं व्हईल, वाकून बोलावं लागंल. तुमी मोठं जावई. तुमचा मान त्यास्नी ठेवावाच लागंल. अन् तुमी मास्तर, तुमास्नी बोलता येतंय."

"मला पोरांपुढे बोलता येतं, मामा," मी म्हणालो. पण नाही कसं म्हणणार?

अश्विनीने रेवाला झोपवता झोपवता मला बजावलं, "तिकडं मधोमध बसून दोन्हीकडं मान हलवू नका. तिची बाजू घ्या."

मी मान हलवली. तिने कपाळाला हात लावला.

उरवडे

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. जायला निमित्त हवं म्हणून मामींनी पाटीभर पिकलेले आंबे दिले. सोबत हौसाआत्या, "बाईमाणसाशी बोलायला बाईमाणूस पायजे" म्हणून. मधल्या जागेत ती, मागच्या बाजूला आंब्यांची पाटी, आणि गाडी चालवायला इक्बालभाई.

"आत मी येणार न्हाई बरं का मास्तर," इक्बालभाई म्हणाले. "मी भाईर थांबतो. टेम्पोचं तोंड मात्र रस्त्याकडं करून ठेवतो."

"ते कशाला?" मी विचारलं.

"आत्या हायेत न्हवं संगं."

हौसाआत्याने त्यांच्या दंडावर चापट मारली.

उरवड्याला कंपन्यांच्या फाटकांपुढे पाळी सुटायची वेळ झाली होती. मुली गटागटाने बाहेर पडत होत्या, डब्याच्या पिशव्या हातात, एकमेकींच्या फोनमध्ये डोकावत. आम्ही थांबणार नव्हतो. पण पूनम रस्त्याच्या कडेला उभी होती. निळा गणवेश, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, केस जाळीत बांधलेले. हात करून तिने टेम्पो थांबवला.

"पाळी सुटल्यावर अश्विनीताईचा फोन आला. तुमी मारुंजीला चाललाय. मी बी येते."

हौसाआत्या उडालीच. "येडी का खुळी! लग्नाआधी नवरी सासरी जाती व्हय? अन् ह्या कापडांत?"

"लग्नच व्हायचं का न्हाई ते ठरलं न्हाई अजून, आत्या. मग मी नवरी कुटं?"

आत्याने पदर सावरून माझ्याकडे बघितलं. मी इक्बालभाईंकडे बघितलं, ते आरशात बघत होते. शेवटी मी खाली उतरलो, पूनमला आत्याशेजारी बसवलं आणि मागे आंब्यांच्या पाटीजवळ जाऊन बसलो. मोठ्या जावयाचा मान तिथे संपला. मनातून मला मात्र सुटल्यासारखं झालं. जे मला बोलायचं होतं ते आता जिचं होतं तीच बोलणार होती.

मारुंजी

घोटवड्यावरून माणमार्गे गेलं की डोंगर मागे पडत जातात आणि काचेच्या इमारती समोर येतात. मारुंजीत रस्त्याला दोन्हीकडे दुकानं, टेम्पो, दुचाक्या, "रूम भाड्याने देणे आहे" अशा पाट्या. एकीकडे बिर्याणी, एकीकडे डोसा, मधे एक उसाचं गुऱ्हाळ. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात ऐकू येत होती. परभणीहून आलेल्या माणसाला वाटावं, आपण राज्य ओलांडलं की काय.

नितीनच्या घरापुढे भाडेकरूंच्या दुचाक्यांची रांग होती. जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याची आई बसली होती. ठसठशीत बाई, कपाळावर मोठं कुंकू. आम्हाला पाहून उठल्या. पूनमला पाहून परत बसल्या.

"ही काय पद्धत?" त्यांनी मला विचारलं.

मी आंब्यांची पाटी पुढे केली. "मामींनी आंबे दिलेत."

हे माझं त्या दिवशीचं सगळ्यात लांब भाषण.

आत नेऊन त्यांनी पाणी दिलं. नितीनला फोन करून बोलावलं. घर मोठं, फरशी चकचकीत, सगळं जागच्या जागी. नितीनचे वडील सकाळपासून कुठल्याशा बैठकीला गेलेले. हौसाआत्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली, "विहीणबाई, आमची पोर लई गुणाची..." पण पूनमने तिच्या हातावर हात ठेवला.

"काकी, मला कंपनी सोडायची न्हाई," पूनम म्हणाली. "कुणाच्या तोंडून सांगण्यापरीस मीच आले. तुमच्याकडं काय कमी हाय म्हणून न्हाई. मला ते काम येतंय, म्हणून. आता पाच पोरी हायेत माझ्या हाताखाली. चुकीचा माल पुढं गेला की मला विचारत्यात."

काकी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला वाटतंय मी लोकांना भिऊन बोलले. सून कंपनीत जाती म्हणून नाक मुरडतील, म्हणून?"

"मग कशापायी?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं, कुणीतरी मोठ्यांदा फोनवर हसलं. त्यांनी वर बोट केलं.

"ह्ये बग. तीस पोरं राहत्यात वरती. येता-जाता 'नमस्ते आंटी' करत्यात, बास. शेत व्हतं तवा आमी बायका संगं व्हतो. लावणीला, काढणीला, दिस कसा जायचा कळायचं न्हाई. आता नितीन कामाला, त्याचा बाप बैठकींना, अन् मी त्या खुर्चीत. लोकांच्या गाड्या मोजत बसते. म्हणलं, सून यील, कुणीतरी बोलायला यील. तर ती बी सकाळी डबा घेऊन जाणार."

हौसाआत्या खुर्ची सोडून उठली आणि सरळ जाऊन काकींच्या शेजारी जमिनीवर बसली. "ह्ये आधी सांगायचं न्हाई व्हय बाई! मी ईन की. मला मोकळाच येळ हाय."

काकींना हसू आवरेना. मलाही. त्या डोळे पुसत हसत होत्या.

तेवढ्यात नितीन आला. दारातच थबकला. निळ्या गणवेशातली पूनम, जमिनीवर हौसाआत्या, आई हसते आहे की रडते आहे ते कळेना.

"काय झालं?"

"तुला ठाऊक व्हतं का, मी निरोप धाडला त्ये?" आईने विचारलं.

"काल कळलं," तो म्हणाला. मग पूनमकडे बघून, "मी सकाळी फोन केला होता. तुमी उचलला न्हाई."

"लाईनवर फोन चालत न्हाई," पूनम म्हणाली.

"मी हेच सांगायला केला होता, की काम सोडू नका."

नितीनच्या मानाने हे त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं वाक्य असावं. काकींनी लेकाकडे बघितलं, पूनमकडे बघितलं, मग पाटीतला एक आंबा उचलून हुंगला.

"पाळी कुठली असती तुला?"

"दिवसाची. सांजच्याला घरी."

"हितून तुझ्या कंपनीची बस जाती का?"

"न्हाई जात."

"मी घोटवडे फाट्यापर्यंत सोडीन," नितीन घाईने म्हणाला. "तिथून बस हाय."

"मग रविवारी तरी घरी ऱ्हावा दोघं," काकी म्हणाल्या आणि आंबे कापायला सुरी आणायला आत गेल्या.

बाहेर आलो तर इक्बालभाई खरंच टेम्पोचं तोंड रस्त्याकडे करून बसले होते. आमचे चेहरे बघून त्यांनी इंजिन बंद केलं आणि मी आणलेली आंब्याची फोड तोंडात टाकली. परतताना हौसाआत्या पूर्ण रस्ताभर बोलत होती, आणि त्यात विहीणबाईंचं मन तिने एकटीने कसं वळवलं हेच होतं. कुणी तिला अडवलं नाही.

मांडव

लग्न मालेतच झालं, घरापुढच्या मोकळ्या शेतात. हळदीला चुलत सासवांनी मला पकडून पायापासून डोक्यापर्यंत पिवळा केला. आमच्याकडे जावयाला असं कुणी हात लावत नाही. इथे जावई म्हणजे हक्काचं सामान.

एक अडचण ऐनवेळी आली. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि पूनमला भाऊ नाही. चुलतभावांत कुणी पुढे व्हायचं यावरून कुजबुज सुरू झाली. हौसाआत्याने रेवाला उचललं आणि सरळ नितीनच्या खांद्याशी नेलं. "ही पिळंल. भाची झाली म्हणून काय झालं!" रेवाने कान धरला तो सोडेचना. नितीनचा कान लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो एक शब्द बोलला नाही. शेवटी पूनमनेच रेवाची बोटं एकेक करून सोडवली. मांडवात एवढं हसू उसळलं की भटजींना थांबावं लागलं.

पाठवणीला मामा गोठ्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो. ते म्हणाले, "जवळच हाय म्हणा मारुंजी." मी म्हणालो, "परभणीपेक्षा तर जवळच." त्यांनी माझा हात धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

वाफे

मांडव परतायला पूनम चार दिवसांनी आली, नितीन आणि काकींना घेऊन. आमचं निघणं दुसऱ्या दिवशी होतं. जेवणं झाली, बायका मागच्या शेतात गेल्या. राब भाजलेल्या वाफ्यांत मामींना भाताचं बी टाकायचं होतं, पावसाआधीची कोरडी पेरणी. काकी बांधावर उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी चपला काढल्या. मग नवीकोरी साडी वर खोचली आणि मामींच्या हातातली बियांची टोपली घेतली.

मी रेवाला घेऊन आंब्याखाली बसलो होतो. काकींचा हात असा फिरत होता की बी सगळीकडे सारखं पडत होतं. मामी मागून ढेकळं फोडत होत्या आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. काय ते ऐकू येत नव्हतं.

रात्री पूनम आणि काकी मालेतच राहिल्या, नितीन परत गेला. दुसऱ्या दिवशी पूनम मालेहूनच कामावर गेली. संध्याकाळी आमच्या बॅगा टेम्पोत चढत होत्या तेव्हा ती परत आली, गणवेशातच. मागोमाग नितीन तिला आणि आईला न्यायला गाडी घेऊन आलेला. काकी शेतातून वर आल्या, पाय मातीने भरलेले, हात कमरेवर.

"आवरलं का आई? चला, निघू," पूनम म्हणाली.

काकींनी एकदा मागे वाफ्यांकडे बघितलं.

"तुमी दोघं जावा पुढं," त्या म्हणाल्या. "अजून दोन वाफं ऱ्हायल्यात. मी उद्या बघते."